पावसाचे ९७६ आकडे आणि एक वर्तुळ



आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने आलेखांवर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण आलेख हे एक विधान असतं. विधान खरं की खोटं, पुरतं की अपुरं, हे तपासण्याचंच काम आम्ही आयुष्यभर वर्गात केलं. तेव्हा आज एका आलेखाची समीक्षा करू.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका सभागृहात आम्ही एक फलक पाहिला. पावसाळ्याचा गोषवारा होता. एक मोठं वर्तुळ आणि त्याचे आठ रंगीत तुकडे, म्हणजे आठ तालुके: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. प्रत्येक तुकड्यावर टक्का लिहिलेला. आठही तुकडे जवळजवळ सारखे. शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "गुरुजी, आमच्या रोवणीच्या पंधरवड्यात पाणी आलं का नाही, ते यात कुठं आहे?" ते कुठंच नव्हतं.

आता दोष कुठे आहे ते बघू. पहिला दोष तर्काचा. वर्तुळाचे तुकडे करायचे तर आधी एक 'संपूर्ण' असावं लागतं. विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये असं वर्तुळ छापलं, तेव्हा तुर्की साम्राज्याची भूमी युरोप, आशिया आणि आफ्रिकेत किती किती आहे, हे त्याला दाखवायचं होतं. तिथे भूमी एक आणि तिचे हिस्से तीन. पाऊस मात्र आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, म्हणजे पाण्याची उंची मोजतो. आठ तालुक्यांच्या उंच्या मिळवून त्यांचे टक्के काढणं म्हणजे आठ रुग्णांचा ताप मिळवून कोणाच्या वाट्याला किती ताप आला, ते सांगणं. बेरीज बिनचूक येईल, पण तिला अर्थ नसेल.

दुसरा दोष डोळ्यांचा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे एक क्रम मांडला. एकाच पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो. लांबी आणि कोन त्यानंतर, क्षेत्रफळ त्याच्याही नंतर, आणि रंगाची गडद-फिकट छटा तर अगदी शेवटी. वर्तुळात आपण कोन आणि क्षेत्रफळ वाचतो. म्हणून जवळजवळ सारखे आठ तुकडे लावता येत नाहीत आणि मग प्रत्येकावर आकडा लिहावा लागतो. आकडाच वाचायचा असेल तर साधा तक्ता काय वाईट?

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो आमच्या प्रांतातला. जून ते सप्टेंबर हे दिवस होतात १२२. तालुके आठ. म्हणजे एका हंगामाचे ९७६ आकडे. फलकाने त्यातले आठच ठेवले. समजा, एका तालुक्यात जुलैत ३०० मिलिमीटर पाऊस तीन दिवसांत कोसळला आणि दुसऱ्यात तेवढाच पाऊस महिनाभर झिरपत राहिला. वर्तुळात दोघे सारखे. बांधीत मात्र पहिल्याचे परहे वाळतात, त्यांचं वय निघून जातं. दुसऱ्याचं धान उभं राहतं.

आपल्या वैशेषिक परंपरेने 'अभाव' हाही एक पदार्थ मानला. 'इथे घट नाही' हेसुद्धा एक ज्ञान आहे. शेतकऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच, की पाऊस कधी नव्हता. वर्तुळाला अभाव दाखवताच येत नाही, कारण शून्याचा तुकडा होत नाही.

मग ९७६ आकडे एकदम दाखवायचे कसे? सगळ्यांना आधी सुचतं, की आठ रंगांच्या आठ रेषा एकाच आलेखात काढाव्यात. काढून बघा, सुताचा गुंता होतो. त्याची झेरॉक्स काढली की आठही रेषा करड्या. उठावाचे त्रिमिती खांब काढले, तर पुढचा खांब मागच्याला झाकतो.

आमच्या मते दोन मार्ग बरे. पहिला चौकटींचा. आठ आडव्या ओळी, प्रत्येकीत १२२ चौकटी, दर दिवसाला एक. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतं. ६४.५ आणि त्याच्या वर गेला की तो जोराचा पाऊस. बस, याच दोन सीमा घ्याव्यात. कोरडा दिवस पांढरा, पावसाचा करडा, जोराचा काळा. ओळी बाराखडीप्रमाणे न लावता उत्तरेकडून दक्षिणेकडे, गोंदियापासून अर्जुनी मोरगावपर्यंत लावाव्यात. खंड पडला असेल तर पांढरा पट्टा लांबूनही दिसेल.

इथे कोणी म्हणेल, सर, छटा वाचण्यात डोळा सर्वांत कच्चा असं तुम्हीच सांगितलंत. खरं आहे. म्हणून तीनच छटा घ्यायच्या, आणि या चित्राला 'केव्हा' एवढंच विचारायचं. 'किती' हे विचारायचं असेल तर दुसरा मार्ग. प्रत्येक तालुक्याचा एक छोटा आलेख, असे आठ शेजारी शेजारी, आणि सगळ्यांची पट्टी एकच. त्यात एक जूनपासूनच्या पावसाची चढती बेरीज काढायची. रेषा आडवी झाली की पाऊस थांबला. पट्टी प्रत्येकाची वेगळी ठेवली तर मात्र तुलना खोटी ठरते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला अभाव, दुसरं अज्ञान. नोंद नसलेल्या चौकटीवर फुली मारा, ती पांढरी सोडू नका. नाहीतर बिघडलेलं पर्जन्यमापकही दुष्काळ दाखवेल.

मंडळी, हा नुसता सुबकपणाचा वाद नाही. एखाद्या बैठकीत पाच मिनिटांत फलक बघून मत बनतं. 'पाऊस तर सरासरीइतका झाला' हे वाक्य त्या वर्तुळातून निघतं आणि रोवणी हुकलेल्या माणसाचं म्हणणं तिथेच संपतं. वर्तुळाने असत्य सांगितलं नाही, त्याने प्रश्नच बदलला. म्हणून कोणताही आलेख दिसला की आधी विचारायचं, हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न कोणाचा?

संगणक हवाच असं नाही. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरे. येत्या हंगामात आपापल्या तालुक्याची एक ओळ भरून बघा. रोज एकच चौकट भरायची आहे. त्या शेतकऱ्याचं उत्तर त्या ओळीत सापडेल.