समुद्रासाठी पत्र लिहिताना

जून १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली होती. कॅनडातील व्हँकूवरहून आलेली सेव्हर्न कलिस-सुझुकी ही बारा वर्षांची मुलगी तेथे राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर काही मिनिटे बोलली. प्रवासखर्चाचे पैसे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः जमवले होते. मुलांनी राजकारण्यांना पर्यावरणाविषयी जाब विचारावा, या कल्पनेचा आदर्श नमुना म्हणून हे भाषण आजही पुढे ठेवले जाते. ‘समुद्र वाचवा’ अशी पत्रे विद्यार्थ्यांकडून लिहून घेताना आपण शिक्षकही नकळत तोच साचा वापरतो. म्हणून त्याची तपासणी करायला हवी.

भाषणाचे बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. वडिलांबरोबर मासे पकडायला जाणारी मुलगी रोगट मासे पाहते आणि घाबरते. हा अनुभव तिचा स्वतःचा आहे. पुढे ती मोठ्यांना सांगते की ओझोनच्या थरातील छिद्र कसे बुजवायचे, मृत प्रवाहात सामन मासे परत कसे आणायचे, हे तुम्हाला माहीत नाही. मग निदान मोडतोड तरी थांबवा. श्रोते येथे हेलावतात. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र येथेच थांबून विचार करावा.

कारण ओझोनविषयीचे उत्तर तेव्हा माहीत होते. अंटार्क्टिकावरील छिद्राची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोरोफ्लुरोकार्बन हे त्याचे कारण निश्चित होत गेले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. या रसायनांचे उत्पादन थांबवले की थर हळूहळू स्वतःच भरून येतो. अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. हे यश मिळाले, कारण पदार्थ, तो बनवणारे कारखाने आणि करायची कृती, या तिन्ही गोष्टी नावानिशी सांगता येत होत्या. भाषणातील ‘मोडतोड थांबवा’ ही मागणी कोणालाच उद्देशून नव्हती. त्यामुळे टाळ्या वाजवणे सर्वांना सोपे गेले. बारा वर्षांच्या मुलीला हा दोष देता येणार नाही. तो तिच्या भाषणाचा साचा करणाऱ्या आपल्याकडे जातो.

आता जवळचे उदाहरण पाहू. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील तरुण ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यावर फिरून तेथील जीवांच्या नोंदी करू लागले. हाजी अलीजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे अशा नोंदींमुळे लोकांसमोर आले. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे सागरी किनारा रस्त्याच्या वादात ‘समुद्र सुंदर आहे’ एवढ्यावर बोलणे थांबले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये प्रकल्पाची किनारपट्टी नियमनाखालील परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुन्हा सुरू करू दिले, आणि मार्च २०२४ पासून रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. म्हणजे पुरावा असला की विजय मिळतोच असे नाही. पण प्रवाळांची दखल घ्यावी लागली. रीतसर परवानगी काढून २०२० मध्ये ते दुसरीकडे हलवावे लागले. नोंद नसती तर ते भरावाखाली गेल्याचे कोणाला कळलेही नसते.

मग निफाडच्या विद्यार्थ्याने काय लिहावे? त्याच्या तालुक्यातून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तेथून अवघा ८० किलोमीटर आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. ‘आमच्या द्राक्षबागांतील खतामुळे समुद्रातले मासे मरतात’ असे वाक्य सहज सुचते, आणि ते सिद्ध करणे फार कठीण आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीत, प्राणवायू नसलेल्या चिखलातील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पुढे पैठणला जायकवाडीचा जलाशय पाणी अडवतो. निफाडहून निघालेल्या नायट्रेटपैकी किती समुद्रापर्यंत पोहोचते, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

समुद्राशी निफाडचे दुसरेही नाते आहे, आणि ते सहसा कोणाच्या पत्रात येत नाही. नांदूर मधमेश्वरची पाणथळ तयार झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साठल्यामुळे. तेथे १९८६ मध्ये अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पक्ष्यांना ज्याने आसरा दिला, तोच गाळ खालच्या त्रिभुज प्रदेशाला मिळेनासा होतो. खोऱ्यातील लहानमोठ्या सर्व धरणांमुळे गोदावरीने समुद्राला नेऊन दिलेला गाळ निम्म्याहून अधिक घटला आहे. तिच्या मुखाशी किनारा झिजण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. आपण समुद्राला काय पाठवतो याबरोबरच काय पाठवत नाही, हेही पाहायला हवे.

असे पत्र लिहिण्यापूर्वी वर्गाला थोडे काम करता येईल. दर महिन्याला एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाण्याची पारदर्शकता मोजावी. साध्या रासायनिक पट्टीने नायट्रेट पाहावे. जलपर्णी किती पसरली याचा नकाशा काढावा. वर्षभराच्या तक्त्यासह गावच्या सांडपाण्याविषयी विचारायचे तर आधी ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला विचारावे. पंतप्रधानांकडे त्याचे उत्तर नसते. आमदारांना विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो, त्यासाठी नेमका प्रश्न मुलांनी त्यांच्या हाती द्यावा. सरकारी नोंदी हव्या असतील तर शिक्षकांना २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो.

एवढी खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. मुलाने लोकप्रतिनिधीला लिहिलेले ते बहुधा पहिलेच पत्र असते. ज्या पत्राला उत्तर देताच येणार नाही असे पत्र आपण त्याच्याकडून लिहून घेतले, आणि उत्तर आले नाही, तर लिहिण्याचा काही उपयोग नसतो एवढेच तो शिकेल. समुद्राचे त्यात किती नुकसान होईल ते सांगता येत नाही. त्या मुलाचे मात्र नक्की होईल.