चित्र, चित्रओळ आणि वाचक : मराठी नियतकालिकांच्या संदर्भात एक विचार

चित्राच्या साहाय्याने वाचकवर्ग वाढविण्याचा प्रयत्न हा विषय आज प्रामुख्याने व्यापारशास्त्राच्या कक्षेत चर्चिला जातो. किती जणांनी चित्र पाहिले, किती जणांनी त्यास पसंती दर्शविली, या गणनेवर तेथील विवेचन थांबते. परंतु पाहणारा आणि वाचणारा या दोन व्यक्ती एकच असतात काय, हा प्रश्न भाषाभ्यासाचा व वाङ्मयविचाराचा आहे, आणि तो व्यापारशास्त्राने सोडवावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. मराठीत हा प्रश्न दूरध्वनियंत्राच्या काचेवर प्रथम उद्भवला, असा समज रूढ होऊ पाहत आहे. वस्तुतः तो शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. मराठी मासिकांनी त्यास दिलेली उत्तरे तपासल्यावाचून आजच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करणे म्हणजे मोजपट्टीशिवाय माप घेण्यासारखे होईल.

‘विविधज्ञानविस्तारा’ने १८६७ पासून आपला वाचक केवळ लेखांच्या बळावर मिळविला. त्या काळी मासिक घेणारा मनुष्य प्रायः आधीच वाचक झालेला असे. त्यास आमंत्रण देण्याची गरज नव्हती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ काढले तेव्हा परिस्थिती बदलू लागली होती. शाळांतून अक्षरओळख झालेला, परंतु वाचनाची सवय न जडलेला असा एक वर्ग निर्माण झाला होता, आणि त्यात घरातील स्त्रियाही होत्या. या वर्गास मासिकाच्या उंबरठ्यापर्यंत आणणे हेच संपादकाचे पहिले काम झाले. १९०९ मध्ये ‘मनोरंजना’ने काढलेला दिवाळी अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. त्यातील चित्रे व छायाचित्रे या कामाचाच भाग होती. सणाच्या दिवशी घरात नवी वस्तू यावी, ती देखणी असावी, आणि ती वाचण्याजोगीही असावी, असा तिहेरी हिशेब त्यामागे दिसतो.

दुसऱ्याच वर्षी, १९१० मध्ये, पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने ‘चित्रमय जगत’ सुरू केले. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या या छापखान्याने देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली होती. मासिकाच्या नावातच चित्रास अग्रस्थान मिळाले. येथे भाषाभ्यासकाने एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. याच नावाचे हिंदी मासिकही चित्रशाळेतून निघत असे. चित्राचा ठसा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यावयाचा तर त्यास हात लावावा लागत नाही. बदलावी लागते ती त्याखालची ओळ. चित्र भाषेच्या सीमा ओलांडते असे जे म्हटले जाते, त्याचा नेमका अर्थ एवढाच आहे. सीमा ओलांडल्यावर त्यास बोलते करण्यासाठी प्रत्येक ठिकाणी तेथील भाषा लागतेच.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० मध्ये जन्मास आलेल्या ‘किर्लोस्कर खबरे’ची वाटचाल याहूनही उद्बोधक आहे. तिचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. कारखान्याच्या मालाचा परिचय करून देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे मासिक बनले, आणि त्याच्या जोडीस १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. नांगराच्या जाहिरातीचे तंत्र विचारांच्या प्रसारास लावता येते हे शंकररावांनी जाणले. मात्र त्यांच्या व्यंगचित्रांना मत असे, आणि त्या मताचे समर्थन वा विस्तार मजकुरात सापडे. चित्र पाहून थांबणाऱ्यास अर्धेच मिळत असे. या अर्धवटपणातच त्याची योजकता होती.

दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’त संस्थापक स्वतःच चित्रकार होता. मुखपृष्ठाचा हात आणि आतील कथाचित्रांचा हात एकच असल्यामुळे बाहेरच्या रंगरेषांनी दिलेले आश्वासन आतल्या पानांवर कोणी तरी पाळत आहे, अशी वाचकाची भावना होई. याच्या उलट टोकास १९५१ मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेला ‘आवाज’ येतो. त्यातील खिडकीचित्रांची रचना अर्थशास्त्राच्या, म्हणजे शब्दार्थविचाराच्या, दृष्टीने मोठी मार्मिक आहे. कापलेल्या चौकटीतून दिसणारा तुकडा एक चावट अर्थ सुचवितो. पान उलटताच संपूर्ण दृश्य त्या अर्थाचे निराकरण करते. श्लेषात ऐकणाऱ्याची जशी फसगत होते तशी येथे पाहणाऱ्याची होते. परंतु पान उलटल्यावर त्यास मिळते ते दुसरे चित्रच. ‘आवाजा’ने विनोदी साहित्य पुष्कळ छापले हे खरे, तथापि खिडकी स्वतः त्या साहित्याकडे उघडत नाही. तिची कृती तिच्यातच पूर्ण होते.

या उदाहरणांवरून चित्र व मजकूर यांच्या संबंधाचे तीन प्रकार कल्पिता येतात. पहिल्यात चित्र आमंत्रक असते : ते प्रश्न उभा करते आणि उत्तर मजकुरात ठेवते. दुसऱ्यात ते सहचर असते : मजकूर वाचताना त्याचा अर्थ खुलतो आणि मजकुराचाही खुलतो. तिसऱ्यात ते पर्याय असते : त्याच्या दर्शनाने मजकुराची गरजच संपते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये चित्रासोबतच्या शब्दांची दोन कार्ये सांगितली होती. अनेकार्थी चित्रास एका अर्थाशी बांधून ठेवणे हे एक, आणि चित्राबरोबर अर्थ पुढे वाहून नेणे हे दुसरे. त्यांचा विचार चित्रापासून शब्दाकडे जातो व तेथे थांबतो. वाचकवर्ग वाढविण्याच्या प्रश्नात आणखी एक पायरी आवश्यक ठरते : चित्राखालच्या ओळीपासून मूळ लेखाकडे जाणारी. ही पायरी बांधण्याचे काम चित्रओळीचे आहे. म्हणून या संपूर्ण व्यवहारात सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत निर्णायक घटक कोणता, असे विचारल्यास चित्रओळ हेच उत्तर द्यावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. चित्रास व्याकरण नाही, त्यास प्रमाणभाषा व बोली असा भेद नाही; तेव्हा दूरच्या वाचकापर्यंत पोहोचण्याचे ते सर्वांत निर्मळ साधन आहे, असे म्हणता येईल. हा आक्षेप तपासण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे गाव डोळ्यांसमोर आणावे. हा वऱ्हाडीचा प्रदेश. खानदेशची सीमा जवळ. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद आहे. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’, ‘करतो आहे’ ऐवजी ‘करून राहिला’ असे बोलणारा मनुष्य मुंबई-पुण्याच्या मासिकातील मराठी वाचू शकतो. पण ते मराठी त्याच्या जिभेवरचे नसते. पूर्वी असे मासिक भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील मलकापूरसारख्या स्थानकावर उतरून टपालाने आत जावे लागे. गावातील वाचकास दुकानात उभे राहून चार पाने चाळण्याची सोय नव्हती. अशा वाचकापुढे चित्र हाच एक बोलीमुक्त दूत होता, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु चित्र खरोखरीच बोलीमुक्त असते काय? कौलारू घर, अंगणातील माड, समुद्रावरचा सूर्यास्त, घाटातील धुके, वाड्याचा दिंडी दरवाजा, पावसाळी खिडकीतला चहाचा पेला, ही आज मराठी मजकुरासोबत वारंवार येणारी दृश्ये आहेत. त्यांचा भूगोल कोकणचा, सह्याद्रीचा आणि पुण्याचा आहे. काळ्या जमिनीतील कपाशी, उन्हाळ्यात भेगाळलेले वावर, आठवडी बाजार यांची नोंद त्यांत विरळ आढळते. म्हणजे प्रमाणभाषा जशी काही प्रदेशांच्या बोलीतून घडली व इतरांना शिकावी लागली, तशीच एक प्रमाण-दृश्यभाषाही मराठीत घडली आहे. धामणगाव बढे येथील तरुण ती ओळखतो. मात्र ती ओळख शिकलेली असते, जगलेली नसते. चित्र निर्मळ साधन नाही. शब्दाची प्रादेशिकता कानास चटकन जाणवते, चित्राची डोळ्यास जाणवत नाही, एवढाच भेद आहे. आणि न जाणवणारा पक्षपात हा जाणवणाऱ्याहून अधिक काळ टिकतो.

आजच्या साधनांकडे वळताना हे निकष हाताशी ठेवावेत. २०१० हे या बाबतीत लक्षणीय वर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी इन्स्टाग्राम व पिंटरेस्ट ही दोन्ही चित्रप्रधान माध्यमे लोकांपुढे आली. दोहोंची रचना मात्र भिन्न आहे. पिंटरेस्टवरील चित्राच्या पाठीशी ज्या पानावरून ते आले त्याचा पत्ता जोडता येतो. चित्रास स्पर्श करणारा त्या पानाकडे जाऊ शकतो. चार्ल्स पर्स यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेथे चित्र साम्यदर्शक असूनही निर्देशक चिन्हाचे काम करते. धूर जसा अग्नीकडे, तसे ते लेखाकडे बोट दाखविते. इन्स्टाग्रामवर चित्राखाली २,२०० वर्णांपर्यंत मजकूर लिहिता येतो. परंतु त्यातील पहिल्या ओळी तेवढ्या दिसतात, उरलेला भाग दुमडलेला राहतो, आणि त्या मजकुरात दिलेला दुवा सामान्यतः स्पर्शाने उघडत नाही. चित्रास तेथे थांबविण्याची शक्ती पुष्कळ आहे, पुढे धाडण्याची अल्प आहे. २०१७ पासून एकाच नोंदीत अनेक चित्रे क्रमाने सरकविण्याची सोय झाली, तेव्हा लेखकांनी लेखच चौकटींत कापून चित्ररूपाने देण्यास आरंभ केला. येथे ‘आवाजा’च्या खिडकीची आठवण होते : पान उलटले तरी वाचक चित्रातच राहतो.

याच प्रथेत भाषेच्या दृष्टीने खरी हानी दडलेली आहे. प्रारंभीच्या अनेक दूरध्वनियंत्रांवर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटत नसत. त्यामुळे मराठी मजकुराचे चित्र करून पाठविणे ही एक गरज होती. गरज संपली, सवय उरली. चित्रात बसविलेले मराठी वाक्य मनुष्यास वाचता येते, पण यंत्राच्या दृष्टीने ते मूलतः रंगबिंदूंचा समूह असते. त्यातील शब्द उचलून दुसरीकडे लिहिता येत नाही; शोधयंत्रास ते सहजी सापडत नाही; दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र, चित्रासोबत पर्यायी मजकूर दिला नसेल तर, बहुधा त्यापाशी मुके होते. कोशकारास व बोलीच्या अभ्यासकास उद्या या दशकांतील लिखित मराठीचा साठा हवा असेल, तेव्हा त्यातील मोठा भाग चित्रांच्या कपाटात बंद आढळेल. वऱ्हाडीतून लिहिणारा एखादा तरुण ‘मले’, ‘काऊन’ हे शब्द सुबक चौकटीत बसवून प्रसृत करतो तेव्हा त्यास दर्शक पुष्कळ लाभतात. पण जी बोली आधीच मुद्रणात अल्प आली, ती या नव्या लेखनातही शोधता न येण्याजोगी होऊन बसते. वाचक वाढविण्यासाठी स्वीकारलेल्या उपायाने भाषेची नोंदच पुसली जावी, ही या व्यवहारातील विसंगती आहे.

याचा अर्थ चित्राचा त्याग करावा असा नव्हे. तसा निष्कर्ष इतिहासास धरून होणार नाही. ‘मनोरंजना’पासून ‘दीपावली’पर्यंतच्या परंपरेने चित्राच्या आधारे वाचक घडविला आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने ‘चित्र’ हा शब्द वेगळ्या अर्थाने योजला, पण तो येथे उपयोगी पडतो. मम्मटाने काव्याचे तीन स्तर सांगताना ज्यात व्यंग्य अर्थ स्फुट नाही, केवळ शब्दाची वा वाच्यार्थाची चमत्कृती आहे, त्यास चित्रकाव्य म्हणून शेवटच्या स्तरात ठेवले. आजच्या चौकटींतील सुभाषितवजा वाक्यांचा मोठा भाग या अर्थानेही चित्रच आहे. डोळा सुखावतो आणि पुढे जातो. मागे काही उरले आहे, अशी हुरहूर त्यास लागत नाही.

वाचक वाढतो तो या हुरहुरीमुळे. म्हणून चित्राधारे वाचक मिळवू पाहणाऱ्या लेखनाचे परीक्षण करताना चार प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. चित्राने उभा केलेला प्रश्न मजकुरातच सुटतो काय? चित्रओळ चित्राचे वर्णन करून थांबते, की लेखातील एखाद्या विधानाकडे नेते? मजकूर अक्षररूपाने कोठे तरी उपलब्ध आहे काय? आणि चित्रातील प्रदेश लेखनाच्या भाषेशी प्रामाणिक आहे काय? पसंतीची गणना यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. धामणगाव बढे येथे बसून आपल्या बोलीत लिहिणाऱ्यास आज मलकापूरच्या टपालाची वाट पाहावी लागत नाही. त्याचे चित्र क्षणात मुंबईस पोहोचते. त्याचे वाक्यही तितकेच दूर पोहोचावे, आणि पन्नास वर्षांनी शोधले असता सापडावे, अशी व्यवस्था त्याने चित्राखालीच करून ठेवली, तर मराठी मासिकांनी शतकभर चालविलेले कार्य त्याच्या हातून पुढे गेले असे म्हणता येईल.