‘दंगा’ हा शब्द आणि हिंसेचे मोजमाप

एका प्रदेशात हिंसक गुन्हे अधिक व शेजारच्या प्रदेशात कमी का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा लोकस्वभावात, दारिद्र्यात किंवा जमिनीच्या कसात शोधले जाते. तथापि ज्या शब्दाखाली गुन्ह्यांची बेरीज केली जाते, त्या शब्दाची परीक्षा प्रथम होणे अवश्य आहे. १८७५ च्या ‘दख्खनच्या दंग्यां’वरील लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. सुपे त्या काळी भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. धान्य लुटले गेले, परंतु जमावाचा मुख्य रोख वह्या व कर्जरोखे यांवर होता. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेच नोंदविले आहे की, सावकाराने रोखे निमूटपणे हवाली केल्यास पुढे सहसा काही होत नसे. शरीरास गंभीर इजा करण्याचे प्रकार विरळ होते. पुणे व नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांस अटक झाली आणि ५०१ जणांस शिक्षा झाली.

कागद हेच लक्ष्य का, याचे कारण स्पष्ट आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे ठरले. मुदत संपताच थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई आणि निरक्षर कुणब्याचा अंगठा त्यावर उठे. दिवाणी न्यायालय मानी तो हा रोखा. रयतेचे तोंडी म्हणणे तेथे टिकत नसे. लिपीचे सामर्थ्य एका पक्षाच्या हाती आणि दुसऱ्या पक्षाकडे केवळ बोली, अशा विषम संबंधात रोखा जाळणे यास निश्चित अर्थ होता.

हा अर्थ कायद्याच्या परिभाषेत उरत नाही. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे पाच वा अधिक माणसांच्या बेकायदेशीर जमावाने समान उद्देशासाठी बळाचा वापर केला की तो दंगा होय. जळलेली वही आणि फुटलेले डोके ही दोन्ही एकाच सदरात पडतात. मराठीत तर ‘दंगा’ मुलांच्या धुडगुसासही म्हणतात. त्यामुळे या शब्दात हेतुशून्यतेची छटा आपोआप मिसळते. ‘बंड’ म्हणावे तर रोष सरकारपेक्षा सावकारावर अधिक होता. ‘उठाव’ या शब्दाने घटनेस प्रतिष्ठा मिळते, पण तिची व्याप्ती फुगते.

नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात या दंग्यांना ‘मिथक’ ठरविले. दंगे थोड्या गावांपुरते मर्यादित होते, हे त्यांचे प्रतिपादन अतिशयोक्तीस आळा घालणारे म्हणून स्वागतार्ह आहे. परंतु त्यांची मोजपट्टी आयोगाचीच आहे: जेथे दंगा नोंदला गेला नाही, तेथे फारसे काही घडले नाही, असे तीत गृहीत धरले जाते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे रयतेने सावकारावर बहिष्कार टाकला. गाऱ्हाणे तेच, पण हात उगारला गेला नाही. सबब गुन्ह्यांच्या तक्त्यात कर्ड्याचा रकाना रिकामा राहतो.

इंदापूरचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. प्रिंगलची जमाबंदी १८३० मध्ये येथूनच सुरू झाली, गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये ती येथेच सुधारली आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये वाढीव आकारणीही प्रथम येथेच आली. आयोगाचे सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी वाढीव साऱ्यास दोष दिला. परंतु सारा हेच एकमेव कारण असते, तर ठिणगी इंदापुरात पडावयास हवी होती. ती पडली सुप्यात, जेथे बाजारपेठ होती आणि सावकारांची वस्ती दाट होती. गाऱ्हाण्याचा नकाशा व हिंसेचा नकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने हेच अप्रत्यक्षपणे मान्य केले. दंग्यांचे मुख्य क्षेत्र पुणे व नगर असताना तो सोलापूर व सातारा जिल्ह्यांसही लागू झाला, आणि रोख्यामागील व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला.

आजच्या तक्त्यांनाही हा विचार लागू पडतो. १९५३ पासून निघणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे-अहवालात दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण दिले जाते. त्यात केरळातील एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांचे प्रमाण वारंवार मोठे दिसते, खुनांचे मात्र अल्प. तेथील माणूस अधिक हिंसक आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. तक्रार नोंदविण्याची व ती नोंदवून घेण्याची सवय तेथे अधिक आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ‘दंगा’ या सदराची व्याख्या मात्र मूलतः तीच आहे. प्रदेशाप्रदेशांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: घटना मोजल्या की माणसे, आघात देहावर झाला की मालमत्तेवर, आणि त्यास नाव कोणी दिले. या प्रश्नांवाचून केलेली तुलना बारामती-इंदापूरच्या रयतेविषयी थोडे आणि नोंद करणाऱ्या कचेरीविषयीच अधिक सांगेल.