लहरी खेळाडू आणि त्यांचे रसिक

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मुलांस जो उपदेश नित्य केला जातो, त्याचें सार एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द ‘सातत्य’ हा होय. अभ्यास रोज करावा, पैसा थोडाथोडा शिल्लक टाकावा, धरलेली नोकरी धरसोड न करतां टिकवावी, असें आपण त्यांस सांगतों व बहुतेक वेळां स्वतःही तसेंच वागतों. परंतु हाच उपदेशक गृहस्थ सायंकाळीं पडद्यासमोर टेनिसचा सामना पाहावयास बसला म्हणजे त्याचें मन कोणाकडे धांव घेतें? पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकाच मापानें खेळणाऱ्या विजयी वीराविषयीं त्यास आदर वाटतो खरा. पण ज्याच्या पुढच्या क्षणाचीही हमी देतां येत नाहीं, जो हरतांहरतां प्रेक्षकांस हंसवितो आणि हातीं आलेला सामना घालवून बसतो, अशा लहरी खेळाडूवर त्याचा जीव जडतो. ह्या विसंगतीस ‘करमणूक’ असें नांव देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण करमणुकींतही आवडनिवड असते. आणि जेथें आवडनिवड आली तेथें टीकेचा अधिकार पोंचतो.

हा खेळाडूंचा वर्ग आजकालचा नव्हे. फ्रान्सची सुझान लेंग्लेन ही १९१९ पासून १९२३ पर्यंत ओळीनें पांच वेळां व पुन्हां १९२५ सालीं विंबल्डनची विजेती झाली. तिच्या फटक्यांत नर्तकीचा डौल असे, आणि १९२६ सालीं प्रत्यक्ष राणी मेरीस तिची वाट पाहत बसावें लागल्याचा गवगवा झाला, तो तर सर्वश्रुतच आहे. तिचाच देशबंधु झां बोरोत्रा डोक्यावर बास्क टोपी घालून जाळीकडे झेपावत येई. त्यानें १९२४ व १९२६ सालीं तीच स्पर्धा जिंकली. रुमानियाचा इली नास्तासे हा ह्या पंथाचा आचार्यच म्हणावा लागेल. १९७२ सालीं अमेरिकेची व १९७३ सालीं फ्रान्सची स्पर्धा त्यानें जिंकली, आणि त्याच वर्षीं गणकयंत्रानें प्रथमच तयार झालेल्या क्रमवारींत त्याचें नांव अग्रस्थानीं होतें. तथापि विंबल्डनच्या अंतिम फेरींत तो १९७२ व १९७६ अशा दोन्ही खेपांस हरला. १९७९ सालीं न्यूयॉर्क येथें मॅकेन्रोशीं खेळतांना पंचांनीं त्याच्या वर्तनास कंटाळून त्यास पराभूत ठरविलें, तेव्हां प्रेक्षकांनीं असा कांहीं गदारोळ केला कीं अखेर पंचच बदलून सामना पुढें चालू करावा लागला. त्या सामन्यांत मॅकेन्रो हा शांत पक्ष होता, एवढें सांगितलें म्हणजे जाणत्या वाचकांस त्या रात्रीची कल्पना यावी! आमच्या काळांत हीच परंपरा फ्रान्सच्या गाएल मोंफिसनें आणि ऑस्ट्रेलियाच्या निक किर्गिओसनें चालविली.

ह्या खेळाडूंच्या लोकप्रियतेचें कारण सांगतांना असें म्हणण्याची चाल आहे कीं, आपण जें करूं धजत नाहीं तें ते करतात, म्हणून ते आपणांस आवडतात. कचेरींत वरिष्ठासमोर मान खालीं घालणाऱ्या मनुष्यास पंचाशीं भांडणारा खेळाडू आपला प्रतिनिधि वाटतो, असा ह्या म्हणण्याचा आशय. ह्यांत तथ्यांश आहे. पण तो अपुरा आहे. केवळ उद्धटपणानेंच आनंद होत असता तर कोणताही दांडगट खेळाडू लोकांचा लाडका झाला असता. प्रत्यक्षांत ज्याच्या हातांत कला नाहीं त्याच्या चेष्टा प्रेक्षक दोन दिवसांत विसरतात. लहरी खेळाडूचें आकर्षण त्याच्या लहरींत आहे त्याहून अधिक त्याच्या सामर्थ्यांत आहे. लहरीमुळें तें सामर्थ्य केव्हां प्रकट होईल हें कळेनासें होतें, इतकेंच.

हें ‘केव्हां’ फार महत्त्वाचें आहे. शाकुंतलाचा शेवट ठाऊक असूनही आपण तें नाटक पुन्हां पाहतों, कारण तेथें गोडी कथेच्या उकलीवर अवलंबून नसते. आपल्या संगीत रंगभूमीवर तर प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊन तेंच पद तीनतीनदां म्हणवून घेत. १९२१ सालीं बालगंधर्व व केशवराव भोसले ह्यांचा संयुक्त ‘मानापमान’ पाहण्यास लोक लोटले, ते पदें नवीं होतीं म्हणून नव्हे. खेळाची गोष्ट उलट आहे. तेथें पूर्वीं लिहिलेली संहिता नाहीं आणि मारलेल्या फटक्यास ‘वन्स मोअर’ देतां येत नाहीं. परंतु अत्यंत शिस्तीचा विजेता इतक्या वेळां जिंकतो कीं, हळूहळू त्याचा सामना लिहिलेल्या नाटकासारखा होऊं लागतो. शेवट ठाऊक, आंकडे तेवढे पाहावयाचे. लहरी खेळाडू मैदानावर आला कीं खेळाची ती गमावलेली अनिश्चितता परत येते. २०१४ सालीं १४४ व्या क्रमांकावरच्या एकोणीस वर्षांच्या किर्गिओसनें विंबल्डनवर जागतिक क्रमवारींत अग्रस्थानीं असलेल्या नादालसारख्या खेळाडूस पायांमधून फटका मारून थक्क केलें व शेवटीं हरविलें. त्या दिवशीं प्रेक्षकांस जो आनंद झाला तो आपल्या शास्त्रकारांच्या भाषेंत शुद्ध अद्भुताचा होय.

येथवर आम्ही ह्या खेळाडूंची बाजू मांडली. परंतु कौतुक आणि परीक्षण ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. अद्भुताच्या नांवाखालीं खपविली जाणारी प्रत्येक चेष्टा सारख्या मोलाची मानतां येणार नाहीं. ह्या कामीं आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’त अलंकारांस लावलेली कसोटी आम्हांस उपयोगी वाटते. रसांत गुंतलेल्या कवीच्या हातून निराळा प्रयत्न न करतां जो अलंकार सहज सिद्ध होतो, तोच खरा, असा त्याचा अभिप्राय आहे. हीच कसोटी टेनिसच्या मैदानावर लावून पाहावी. प्रतिस्पर्ध्यानें चेंडू डोक्यावरून मागें टाकला, खेळाडू पाठ फिरवून त्यामागें धांवला, आणि वळण्यास अवकाश नाहीं म्हणून त्यानें पायांमधून फटका मारला, तर तो अलंकार खेळांतूनच उगवला. समोरून सरळ आलेला सोपा चेंडू केवळ टाळ्यांसाठीं पायांमधून मारला, तर तो वरून चिकटविलेला दागिना झाला. दोन्ही फटके दिसावयास एकच. परंतु एकांत गरज आणि धाडस आहे, दुसऱ्यांत आरशापुढील शृंगार आहे.

ह्याहूनही एक तिसरी पायरी आहे, आणि तेथें मात्र क्षमा करणें कठीण. २०१६ सालीं शांघाय येथें किर्गिओस जिंकण्याचा प्रयत्न सोडून देऊन खेळला व त्याबद्दल त्यास दंड आणि बंदी सोसावी लागली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरींत मोंफिस जोकोविचविरुद्ध कांहीं काळ असा सैल उभा राहिला कीं प्रेक्षकांनींच त्याची हुर्यो उडविली. आपला तो एक डावपेंच होता, असें त्यानें मागाहून सांगितलें. पण ह्या प्रसंगांतील बोधप्रद गोष्ट म्हणजे प्रेक्षकांची ती हुर्यो होय. जे लोक त्याच्या उड्यांवर लुब्ध होते, तेच त्याच्या उदासीनतेवर रागावले. रसिकास पराभव चालतो, चूक चालते, वेडेपणाही चालतो. खेळाविषयींची अनास्था चालत नाहीं. लोकांची रुचि समजली जाते तितकी उथळ नाहीं, ह्याचें हें चांगलें प्रमाण आहे.

ही कसोटी परक्या खेळापुरतीच आहे असें कोणी समजूं नये. आंबेनळी घाट पोलादपुराहून महाबळेश्वरास चढतो. वरच्या टोकास एके काळीं मुंबई इलाख्याचें सरकार उन्हाळ्यांत मुक्कामास येई. खालच्या टोकास, महाड-पोलादपुराच्या गांवांतून, कबड्डीचे सामने दिव्यांच्या उजेडांत रात्रीं रंगतात. तेथील प्रेक्षकांस आनंदवर्धन वाचण्याचें कारण पडत नाहीं. एक गडी प्रत्येक चढाईंत एकेक गुण घेऊन बिनबोभाट परततो. दुसरा चौघांच्या साखळींत शिरून मांडीवर थाप मारतो आणि कधीं तिघांस बाद करून येतो, तर कधीं पहिल्याच पकडींत सांपडतो. सामना पहिल्यानें जिंकून दिलेला असतो. घरीं जातांना गोष्टी चालतात त्या दुसऱ्याच्या. परंतु हेच प्रेक्षक मध्यरेषेशीं सुरक्षित उभें राहून मांडी थोपटणाऱ्यास हंसतात, आणि बोनस रेषेपलीकडे जाऊन थोपटणाऱ्यास दाद देतात. चढाईस अर्ध्या मिनिटाचीच मर्यादा. त्यांतला क्षण आणि दम खर्चून केलेला डौल महाग असतो, आणि महाग डौलालाच मान मिळतो. शिवाय कबड्डीचा गडी एकटा नसतो. टेनिसपटूची लहर त्याची त्यालाच भोंवते. कबड्डींत ती सात जणांस, क्रिकेटमध्यें अकरा जणांस भोंवते. लहरीचें मोल करतांना हा फरक विसरून चालणार नाहीं.

ह्या फरकाचें सर्वांत बोलकें मराठी उदाहरण संदीप पाटील ह्यांचें आहे. मुंबईच्या फलंदाजीची ख्याति ‘खडूस’पणाबद्दल. विजय मर्चंटांपासून सुनील गावसकरांपर्यंत ह्या घराण्यानें बळी न देणें हाच धर्म मानला. १९७५ सालच्या विश्वचषकांत गावसकरांनीं १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ धांवा केल्या, हें त्या धर्माचें टोंक होय. त्याच मुंबईच्या पाटलांनीं जानेवारी १९८१ मध्यें सिडनी येथें पॅस्कोचा चेंडू डोक्यास लागून मैदान सोडल्यानंतर, लगेच पुढच्या ॲडलेडच्या कसोटींत १७४ धांवा काढल्या. पुढें १९८२ सालीं मँचेस्टरला त्यांनीं विलिसच्या एका षटकांत सहा चौकार मारून नाबाद १२९ धांवा केल्या, आणि १९८३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ३२ चेंडूंत नाबाद ५१. वरील कसोटीस हे सर्व डाव उतरतात. कारण त्या प्रत्येकांत धोका होता आणि संघाची निकडही होती. परंतु डिसेंबर १९८४ मध्यें दिल्लीच्या कसोटींत अविचारी फटका मारून बाद झाल्याबद्दल पाटील व कपिल देव ह्या दोघांसही वगळण्यांत आलें. कपिल देव एका सामन्यानंतर परतले. पाटील पुन्हां कसोटी खेळले नाहींत. २९ कसोटी सामने आणि चार शतकें, एवढ्यावर तो अध्याय संपला.

निवडसमितीचा निर्णय योग्य होता काय, हा वाद आम्हांस येथें उकरून काढावयाचा नाहीं. अकरांच्या खेळांत लहरीस जाब विचारणें रास्तच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लहरीनें खेळणारा मनुष्य स्वभावानेंही बेशिस्त असला पाहिजे, हें जें आपण गृहीत धरतों, तें पाटलांच्या पुढील आयुष्यानें खोटें ठरविलें. केनियासारख्या लहानशा संघास त्यांनीं शिक्षक ह्या नात्यानें २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलें, आणि २०१२ पासून २०१६ पर्यंत भारताच्या निवडसमितीचें अध्यक्षपद सांभाळलें. ज्यास निवडकर्त्यांनीं वगळलें तोच पुढें निवडकर्त्यांचा प्रमुख झाला. ह्यावरून डौलानें खेळणें ही एक शैली आहे, चारित्र्याचा पंचनामा नव्हे, एवढें तरी ध्यानांत घ्यावें.

आतां रसिकांविषयीं दोन शब्द. लहरी खेळाडूवरील आपल्या प्रेमांत एक आपमतलब दडलेला असतो. त्याच्या धाडसाचा आनंद आपला, आणि त्याची किंमत मात्र त्याची. विनोद कांबळी ह्यांनीं १९९३ सालीं लागोपाठ दोन कसोटींत २२४ व २२७ धांवा केल्या, तेव्हां त्यांच्या प्रत्येक लकबीवर महाराष्ट्र खूष होता. १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरी असतांही त्यांची शेवटची कसोटी १९९५ मध्येंच, वयाच्या चोविसाव्या वर्षीं झाली. त्यानंतर त्याच लकबींवर बोट ठेवून ‘हें व्हावयाचेंच होतें’ असें म्हणणारे लोक बहुधा पूर्वीं टाळ्या वाजविणारेच होते. आज कौतुकाच्या भरांत ज्यास सर्व माफ करावयाचें, त्यासच उद्यां मुलांपुढें धडा म्हणून उभें करावयाचें, ही रसिकता नव्हे. हें उधळेपण आणि कंजूषपणा एकाच वेळीं करणें होय.

गांवोगांवच्या मंडळांनीं व शाळांतील शिक्षकांनीं ह्याचा विचार अवश्य करावा. चौघांत शिरणारा मुलगा प्रत्येक संघांत एखादा तरी असतो. त्यास पहिल्याच चुकीला बांकावर बसविलें तर तो निमूट एकेक गुण आणूं लागेल, आणि गांवास सांगण्याजोगी गोष्ट उरणार नाहीं. नुसत्या टाळ्याच दिल्या तर तो मध्यरेषेवरच मांड्या थोपटीत राहील. म्हणून टाळी कोणत्या रेषेपाशीं द्यावयाची हें प्रेक्षकांनीं ठरवावें, आणि ज्या दिवशीं तो पकडींत सांपडेल त्या दिवशींही त्याच्या बाजूस उभें राहावें.