विनोदामागील एकांत : आर. के. नारायण

आर. के. नारायण (१९०६–२००१) यांची ओळख मालगुडीच्या कादंबऱ्यांनी झाली. त्यांचे ललित गद्य मात्र फावल्या वेळचे लेखन मानले गेले. मद्रासच्या 'द हिंदू'मध्ये रविवारी प्रसिद्ध झालेले त्यांचे लेख 'नेक्स्ट संडे' (१९६०) या संग्रहात आले. कॉफी, छत्री, डोकेदुखी अशा विषयांवरील त्यांचे निबंध वाचताना मराठी वाचकाला फडके-काणेकरांच्या लघुनिबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु फडक्यांच्या निबंधातला 'मी' वाचकाशी गुजगोष्टी करतो. नारायणांचा 'मी' हसवता हसवता स्वतःला आडोशाला ठेवतो. हा संयम कोठून येतो?

'माय डेज' (१९७४) या आत्मकथनात त्याचे एक मूळ सापडते. मद्रासच्या पुरसवाक्कम भागातील आजीच्या घरी वाढणाऱ्या मुलाचे सोबती होते एक मोर आणि एक माकड. या एकटेपणाविषयी लेखक तक्रार करीत नाही. त्यातून त्याची निरीक्षणाची सवय घडली.

पुढचा एकांत अधिक कठोर होता. १९३९ मध्ये पत्नी राजम विषमज्वराने निवर्तल्या. त्या अनुभवातून उतरलेल्या 'द इंग्लिश टीचर' (१९४५) या कादंबरीत प्रेमाची भाषणे जवळजवळ नाहीत. कृष्णन आणि सुशीला यांचे सहजीवन वाणसामानाच्या यादीतून, घरखर्चाच्या हिशेबातून आणि एका गजराच्या घड्याळावरून झालेल्या अबोल्यातून उभे राहते. या क्षुल्लक गोष्टींवर वाचक हसलेला असतो, म्हणूनच सुशीलेच्या मृत्यूनंतर तेच घर त्याला असह्य वाटते. येथे विनोद दुःखावरचा उतारा नाही. काय गमावले याचे माप तोच पुरवतो.

उत्तरार्धातील परलोकसंवाद अनेक समीक्षकांना खटकला. नारायणांनी स्वतः मद्रासमध्ये तसा अनुभव घेतला होता. परंतु लेखकाचा अनुभव खरा असल्याने कलाकृतीतील सांधा आपोआप जुळत नाही, हे मान्य करावे लागते. तरीही कृष्णन महाविद्यालयातील नोकरी सोडून लहान मुलांच्या शाळेकडे वळतो, तेव्हा त्याच्या एकाकीपणाला जगाकडे जाणारी वाट मिळते.

संयत विनोदाला मर्यादा असतात. जगण्यातील अन्यायाची धार त्याने कधी कधी बोथट होते, हा आक्षेप निराधार नाही. मात्र १९८६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या या लेखकाने सभागृहात शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला, हेही विसरता येत नाही. लहान गोष्टींकडे पाहण्याची त्यांची रीत केवळ शैली नव्हती. तिच्यामागे जबाबदारीची जाण होती.