'रिमेन' आणि 'राहणे' : एका वऱ्हाडी प्रयोगाच्या निमित्ताने

इंग्रजी 'रिमेन' या क्रियापदास 'राहणे' हा प्रतिशब्द आपण निःशंकपणे देतो. लॅटिनमधून आलेल्या त्या शब्दात मागे थांबण्याचा अर्थ आहे. 'भाकरी राहिली', 'तो गावीच राहिला' या वाक्यांत तो जुळतोही. परंतु अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, 'तो जाऊन राहिला' हे वाक्य कानी पडले, तर पुण्याचा श्रोता 'तो गेला व तेथेच मुक्कामास राहिला' असे समजेल. बोलणाऱ्यास मात्र 'तो जात आहे' एवढेच सांगावयाचे असते.

हिंदीचे अशुद्ध अनुकरण म्हणून हा प्रयोग निकालात काढणे उचित नव्हे. 'जा रहा है' या रचनेशी त्याचे साम्य उघड आहे. तथापि 'ऊन' हा प्रत्यय मराठीच आहे. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या 1905 मधील 7 व्या खंडातही वऱ्हाडीची नोंद मराठीची बोली म्हणूनच आहे. शिवाय प्रयोगास नियम आहे. 'करीत राहिला' म्हणजे करणे सोडले नाही. 'करून राहिला' म्हणजे आता करीत आहे. रूप भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा. पहिल्यास इंग्रजीत 'कीप' लागेल. दुसऱ्यास चालू वर्तमानकाळच पुरेसा आहे.

वऱ्हाडी संवादाचा अनुवादक कोशातील प्रतिशब्दावर विसंबला, तर चालत्या माणसास तो जागीच थांबवील. शिक्षकाने प्रमाण रूप अवश्य शिकवावे; परंतु विद्यार्थ्याचे वाक्य हे अज्ञान नसून निराळे व्याकरण आहे, हे ध्यानी ठेवूनच लाल रेघ ओढावी.