योग्य माणसं, पण कशासाठी?



गेल्या व्याख्यानानंतर एक उद्योजक स्नेही माझ्या हातात एक पुस्तक ठेवून गेले. म्हणाले, ‘सर, आमच्या कंपनीची वरची फळी आम्ही या पुस्तकावर उभी केली आहे. तुम्ही एकदा वाचा आणि काय वाटलं ते जाहीरपणे सांगा.’ जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टू ग्रेट’, २००१ सालचं. मी ते दोनदा वाचलं. ते गृहस्थ आज समोरच बसले आहेत, तेव्हा जरा जपून, पण वाटलं तेच बोलतो.

पुस्तक टाकाऊ नाही, हे आधी सांगायला हवं. कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,४३५ कंपन्या तपासल्या आणि साधारण स्थितीतून उत्तम स्थितीला पोचलेल्या, तिथे पंधरा वर्षं टिकलेल्या ११ निवडल्या. मग विचारलं, यांच्यात समान काय? त्यांचं एक उत्तर आता जगभर घोकलं जातं: आधी माणसं, मग दिशा. कंपनी म्हणजे एक बस. योग्य माणसं आत घ्या, अयोग्य उतरवा, ज्याला त्याला योग्य जागी बसवा, आणि मग बस कुठे न्यायची ते ठरवा.

याचं त्यांनी दिलेलं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. सत्तरच्या दशकात डिक कूली यांना दिसत होतं, की बँकिंगमध्ये मोठी उलथापालथ होणार. नेमकी कोणती, ते कळत नव्हतं. म्हणून योजना आखत बसण्याऐवजी त्यांनी कर्तबगार माणसं जमवली. वादळ आलं तेव्हा ती फळी तयार होती. हा भाग मला फार आवडला. भविष्य कळत नाही हे मान्य करणारा माणूस व्यवस्थापनाच्या पुस्तकात क्वचितच भेटतो.

आता तक्रारी. पहिली तर्कशास्त्राची आहे, ती पटकन सांगून टाकतो. योग्य माणसं कोणती? ज्यांच्यामुळे कंपनी भरभराटली ती. आणि कंपनी का भरभराटली? तिच्याकडे योग्य माणसं होती म्हणून. याला आपण चक्रक दोष म्हणतो. फिल रोझेन्झ्वाइग यांनी ‘द हेलो इफेक्ट’ या २००७ च्या पुस्तकात हेच दाखवलं, की नफा दिसला की आपल्याला नेते दूरदर्शी दिसू लागतात आणि तोटा झाला की तेच नेते हटवादी वाटतात. पुढे २००८ मध्ये त्या अकरांपैकी सर्किट सिटीने दिवाळखोरी जाहीर केली आणि फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कॉलिन्स यांचं म्हणणं, निरोगी माणसाने पुढे व्यायाम सोडला म्हणून व्यायामाचे नियम खोटे ठरत नाहीत. बरोबर आहे. तेव्हा तेवढ्यासाठी मी त्यांना धरणार नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. माणसं बसमध्ये बसली. आता दिशा कशी ठरवायची? पुस्तक तीन प्रश्न देतं: आपल्याला मनापासून काय आवडतं, आपण जगात सर्वोत्तम कशात होऊ शकतो, आणि आपलं अर्थकारण कशावर चालतं. तिन्हींची उत्तरं जिथे जुळतात, तिथेच सगळं लक्ष एकवटा. प्रश्न चांगलेच आहेत. पण बघा, ‘हे ज्यांच्यासाठी करतोय त्यांचं यात भलं आहे का?’ हा चौथा प्रश्न त्यात नाही.

ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात एक फरक करतो. ठरवलेलं उद्दिष्ट अचूक गाठण्याची एक क्षमता असते. तिला चातुर्य म्हणू. उद्दिष्ट चांगलं असेल तर ती स्तुत्य, वाईट असेल तर ती निव्वळ लबाडी. विवेक याहून वेगळा. चातुर्याशिवाय तो चालत नाही, पण नुसतं चातुर्य म्हणजे विवेक नव्हे. एकाग्र, वेगवान, झपाट्याने निकाल देणाऱ्या टीमबद्दल आपण बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा चातुर्याबद्दलच बोलत असतो.

पुन्हा वेल्स फार्गोकडे येऊ. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या, असं या बँकेचं ध्येय होतं. इतकं स्पष्ट, मोजता येणारं ध्येय कुठल्याही सल्लागाराला आवडावं. २०१६ साली उघड झालं, की शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले होते, आणि त्यातले बरेचसे खालच्या पायरीवरचे. पुढच्या वर्षी बँकेच्या संचालक मंडळानेच चौकशीचा अहवाल दिला. त्यात म्हटलं आहे, की त्या विभागाच्या प्रमुख आणि त्यांच्या जवळचं वर्तुळ कोशात राहणारं होतं, वाईट बातमी आणि उलटा प्रश्न त्यांना खपत नसे. म्हणजे टीम घट्ट होती. घट्टच होती!

इथे कॉलिन्स यांच्यावर अन्याय व्हायला नको. १९९८ मध्ये नॉर्वेस्ट बँकेने वेल्स फार्गो घेतली आणि नाव मात्र वेल्स फार्गोचं ठेवलं. कूलींची माणसं २०१६ मध्ये नव्हती. एकेक फळी बदललेलं थीसियसचं जहाज तेच राहतं का, हा प्रश्न मी तीस वर्षं वर्गात विचारला. त्याचं उदाहरण बँकेत सापडेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा ही बँक पुस्तक खोटं ठरवत नाही. चौथा प्रश्न गाळला तर काय होऊ शकतं, एवढंच ती दाखवते.

आणि मी हे लांबून बोलत नाहीये. निवृत्तीच्या आधी मी एका महाविद्यालयात उपप्राचार्य होतो. मूल्यांकन समिती येणार होती. आम्हा पाच जणांचा गट नेमला होता. गट उत्तम होता, रविवारीसुद्धा बैठका व्हायच्या. कुणी रुसलं नाही, फुगलं नाही, इतिवृत्तात प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते’. वरची श्रेणी मिळवायची, हे एकच लक्ष्य. ग्रंथालयात वाचकांची नोंदवही तीन वर्षं नीट ठेवलेली नव्हती. ती ‘पूर्ण करून घ्या’ असं ठरलं. दोन दिवसांनी ग्रंथालयातला लिपिक माझ्या खोलीत आला आणि दारातच उभं राहून विचारलं, ‘सर, सह्या वेगवेगळ्या शाईने करू का?’

श्रेणी मिळाली. पेढे वाटले.

या विषयावर बोलताना आपल्याकडे कुणीतरी अष्टप्रधान मंडळ काढतोच, मी त्याऐवजी कौटिल्य काढतो. कंगले यांनी संपादित केलेलं अर्थशास्त्र पाहा. पहिल्या अधिकरणात मंत्रणेचा अध्याय आहे. कौटिल्य म्हणतो, एकाच मंत्र्याशी सल्लामसलत केली तर अवघड प्रश्नात निर्णय लागत नाही, आणि त्याला धरबंध राहत नाही. दोघे असले तर एक होऊन राजाला मुठीत ठेवतात, नाहीतर भांडून नाश करतात. म्हणून तीन किंवा चार. वरच्या फळीत किती माणसं असावीत, यावर आजही लोक जाडजूड पुस्तकं लिहितात. याने चार ओळींत उरकलं. मंत्रिपरिषदेची संख्या मनूच्या अनुयायांनी बारा सांगितली, बृहस्पतीच्या सोळा, शुक्राच्या वीस. हा म्हणतो, गरज आणि कुवत पाहून ठरवा.

पण मला त्यातली दुसरी सूचना मोलाची वाटते. मंत्र्यांना एकत्र विचारावं आणि एकेकट्यालाही विचारावं, आणि मत का वेगळं आहे त्याची कारणं जाणून घ्यावीत. मतभेद असणारच, हे इथे गृहीत आहे. कॉलिन्सही म्हणतात की आधी कडाडून वाद घाला, मग निर्णयामागे एकजुटीने उभे राहा. पण वाद सगळ्यांसमोर घालायचा असेल तर तो माझ्यासारखा माणूस घालत नाही. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, प्राचार्य मित्र, बाकीचे तिघे उत्साहात.

आमच्या प्राचार्यांनी मला एकट्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोललो असतो, असं म्हणायला बरं वाटतं. खात्री नाही. कारण तो लिपिक एकटाच आला होता, दार लोटलेलं होतं, आणि तिथेही मी म्हणालो, ‘करा.’

असो. आता प्रश्न घेऊ. पुस्तक देणाऱ्या गृहस्थांनीच सुरुवात करावी.